पीस, काळीज आणि शून्यदोष

मेल्यानंतर काय होते, याविषयी माझे मत फार पूर्वीच ठरले आहे: काही होत नाही. त्यामुळे एका संध्याकाळी, भरल्या घरात, चहाचा कप शेजारी असताना, मगरीचे तोंड, सिंहाचे धड आणि पाणघोड्याचा मागचा भाग असलेल्या एका प्राण्याने माझे हृदय खाऊन टाकले, तेव्हा मला जे झाले त्याला भीती म्हणणे अशास्त्रीय ठरेल. नाडी वाढली, तळहात ओले झाले, घशाला कोरड पडली आणि कपातला निम्मा चहा बशीत आला, एवढीच निरीक्षणे मी नोंदवू शकतो. निष्कर्ष वाचकांनी काढू नये.

तो व्हिडिओ गेम होता, हे आधी सांगायला हवे होते. पण त्या क्षणी ते मला तरी कुठे आठवले.

मी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. दुकानांतले, औषधनिर्मितीच्या कारखान्यांतले, सोनारांकडचे काटे आमच्याकडे येतात. आम्ही त्यांच्यावर प्रमाणित वजने ठेवतो आणि काटा खरे बोलतो की खोटे, हे ठरवतो. समाधान देणारा व्यवसाय आहे. माणसांविषयी असा निर्णय देता येत नाही. दिला तर ती माणसे जेवायला वाढत नाहीत. तर, अलीकडे जिना चढताना माझ्या छातीत काहीतरी आवळल्यासारखे होऊ लागले आणि हृदयाच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी करायला सांगितली. मनगटातून एक बारीक नळी आत सोडायची, ती हृदयापर्यंत न्यायची आणि रक्तवाहिन्यांत कुठे अडले आहे ते पाहायचे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही, हजारात एखाद्यालाच त्रास होतो. मी आयुष्यभर आकडेवारीशी संसार केला आहे. हजारातला तो एक कुणीतरी असतोच. नाहीतर त्यांनी हजारात शून्य असा आकडा दिला असता.

मला अजिबात भीती वाटत नसल्याचे मी घरी जाहीर केले. त्यावर ही नुसते ‘बरं’ म्हणाली. ही प्राथमिक शाळेत शिकवते. ‘गृहपाठ केलाय, पण वही घरी राहिली’ हे वाक्य हिने इतक्या चेहऱ्यांवर वाचले आहे, की हिच्या एका ‘बरं’मध्ये आरोप, पुरावा आणि निकाल असे तिन्ही असतात.

डॉक्टरांनी मन रमवायला सांगितले होते. मी यादृच्छिक त्रुटींच्या विश्लेषणावरचा ग्रंथ काढून बसलो, तेव्हा आमच्या धाकटीने तो माझ्या हातून काढून घेतला आणि टॅबलेट ठेवला. थोरली लग्न होऊन दूर गेल्यापासून माझ्या आधुनिकीकरणाचे खाते धाकटीकडे आहे. तिच्या मते बापाच्या वयाच्या माणसाने पत्ते जुळवण्यापेक्षा काहीतरी भारदस्त खेळावे. त्या भारदस्त खेळाची कल्पना अशी, की आपण एक पात्र व्हायचे आणि पहिल्याच पडद्यावर मरायचे. मग कोणत्या धर्माच्या, कोणत्या पुराणातल्या परलोकात जायचे ते निवडायचे आणि तिथले अडथळे पार करत पलीकडच्या दारापर्यंत पोहोचायचे. अँजिओग्राफीच्या आदल्या आठवड्यात बापाला रमवण्यासाठी याहून योग्य खेळ या पोरीला सापडला नाही.

निवडीला मात्र वाव होता. एका नदीवर नावाडी उभा होता. तो कुणाला नेईल आणि कुणाला नाही, हे त्याच्या मर्जीवर. एका सभागृहात योद्ध्यांची मेजवानी चालली होती. प्रवेशासाठी लढाईत मरणे आवश्यक होते, आणि ती अट या वयात पुरी होणे कठीण. एक पूल केसाइतका अरुंद होता. चित्रगुप्त भली मोठी वही घेऊन बसले होते, पण त्यांच्या नोंदींची दुसऱ्या कुणी पडताळणी केल्याचे कुठे दिसेना. आणि शेवटी होते प्राचीन इजिप्तचे दालन. तिथे मृताचे हृदय एका पारड्यात आणि सत्याच्या देवतेचे पीस दुसऱ्या पारड्यात ठेवतात. हृदय पिसाहून जड निघाले, तर मघाशी वर्णन केलेला प्राणी ते खातो. मी तत्काळ हेच दालन निवडले. बाकी सगळीकडे कुणाची तरी मर्जी होती. इथे उपकरण होते.

पात्र तयार करताना धाकटीने सुचवले, की राजपुत्र व्हावे, धनुर्धर व्हावे, निदान केस तरी वाढवावेत. मी स्वतःचे वय, उंची, चष्मा आणि टक्कल जसेच्या तसे भरले. नमुना खोटा असेल तर तपासणीला अर्थ नाही. दालनाच्या दारात कोल्ह्याच्या तोंडाचा एक द्वारपाल होता. त्याने घोगऱ्या आवाजात विचारले, “तुला कशाची भीती वाटते?” खाली उत्तरे दिली होती: अंधाराची, वेदनेची, एकटेपणाची, कशाचीच नाही. त्याखाली स्वतःच्या शब्दांत लिहिण्यासाठी एक मोकळी चौकट होती. मी ‘कशाचीच नाही’ दाबले. दार उघडले. असले प्राथमिक प्रश्न पाहुण्याला बरे वाटावे म्हणून विचारतात, अशी माझी समजूत झाली.

त्यानंतर जे झाले ते पहिल्या परिच्छेदात आले आहे.

एकदा घेतलेले मापन हे मापनच नव्हे, हे आमच्या क्षेत्रात पहिल्याच दिवशी शिकवतात. म्हणून मी पुन्हा मेलो. पुन्हा दार, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा तो प्राणी. दर खेपेला तो हृदय गिळून जीभ बाहेर काढी, आणि दर खेपेला माझा हात आपोआप छातीवर जाई. तिसऱ्या की चौथ्या मृत्यूच्या वेळी मी काट्याकडे व्यावसायिक नजरेने पाहिले आणि मला जो आनंद झाला तो कसा सांगू. हृदय पारड्यात पडण्याच्या आधीच, दोन्ही पारडी रिकामी असताना, काटा हृदयाच्या बाजूला कललेला होता. आम्ही याला शून्यदोष म्हणतो: वर काही नसतानाही उपकरणाने काहीतरी दाखवणे. असा काटा आमच्याकडे आला, तर आम्ही त्याला लाल चिठ्ठी बांधून बाजूला ठेवतो.

म्हणजे दोष माझ्या हृदयात नव्हता. इतक्या दिवसांत हे मला प्रथमच कुणीतरी सांगत होते.

इथे माझ्या आयुष्यात कज्जेकाकांचा प्रवेश झाला. खरे म्हणजे ते आमच्या समोरच राहतात, आणि त्यांच्या प्रवेशासाठी आमचे दार उघडे असणे पुरेसे असते. न्यायालयात कारकून होते. निवृत्त झाले, पण न्यायालय त्यांच्यातून निवृत्त झाले नाही. त्यांनी उभ्याउभ्याच एकदा हृदय तोलताना पाहिले आणि म्हणाले, की हा निकाल टिकणार नाही. साक्षीदार नाहीत, आरोपीची बाजू ऐकलेली नाही, आणि शिक्षा अमलात आणणारा प्राणी सुनावणीच्या वेळी तिथेच उपाशी बसलेला आहे, हा तर उघड हितसंबंध झाला. तक्रार करा, लेखी करा, आणि निकाल लागेपर्यंत पुढे काहीही करू नका.

“काहीही म्हणजे?” मी विचारले.

“म्हणजे काहीही. एक कारवाई प्रलंबित असताना दुसरी सुरू करू नये. दोन्ही अंगावर येतात.”

ते बोलत होते खेळाविषयी. मी मात्र दुसऱ्या दिवशी रुग्णालयाला फोन केला, आणि कामाच्या अपरिहार्य कारणास्तव अँजिओग्राफीची तारीख पुढे ढकलावी अशी विनंती केली. एका काट्याचा निकाल लागायचा होता. त्याआधी दुसरी तपासणी उघडणे पद्धतीला धरून झाले नसते.

घरी काय सांगायचे, हा प्रश्न होता. मी सांगितले, की रुग्णालयाच्या यंत्राचे अंशांकन चालू आहे. हे वाक्य मी फार विचार करून निवडले होते. अंशांकन म्हणजे यंत्राचे माप प्रमाणाशी जुळवून घेणे. पण ते नेमके कसे होते आणि किती काळ चालते, हे आमच्या घरात मी सोडून कुणालाच ठाऊक नाही. शंका घ्यायची झाली तरी ती माझ्याकडेच घ्यावी लागणार होती. ही म्हणाली, “बरं.”

मग मी खेळ बनवणाऱ्या कंपनीला लिहिले. कंपनीच्या ग्राहक कक्षात कुणी माणूस असावा असा माझा समज होता. पहिले उत्तर आले, की आपल्या मृत्यूबद्दल आम्हाला खेद आहे. आपण कोणत्या परलोकात आणि कितव्या पातळीवर मरण पावलात? मी माहिती दिली. दुसरे उत्तर आले, की आपण यंत्र बंद करून पुन्हा सुरू करून पाहिलेत का? मी पाहिले, यंत्र पुन्हा सुरू झाले आणि मी पुन्हा मेलो. तिसऱ्या उत्तरात मात्र माणसाचा वास आला. स्वतःचे नाव न देणाऱ्या कुणी ‘आपला सेवातत्पर’ने कळवले, की काटा बरोबर आहे. कलण्याचे कारण खेळाचाच भाग आहे. ते सांगितल्यास गंमत जाईल. आपल्याजवळ दोषाचा पुरावा असल्यास पाठवावा.

पुरावा. एका मापनशास्त्रज्ञाकडे.

इथे माझ्या हातून जे घडले ते केवळ सवयीने घडले, हे मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांनाही सांगितले आणि आपणांसही सांगतो. सुतार हाती लागलेल्या लाकडाला रंधा मारतो, तसे माझे झाले. कार्यालयात दुपारी थोडा रिकामा वेळ होता. मी पडद्यावरची छायाचित्रे घेतली, काट्याच्या दांड्याचा कोन मोजला, आणि आमच्या नेहमीच्या अहवालाच्या कागदावर सविस्तर अहवाल लिहिला. उपकरण: समभुज तराजू, लाकडी, दोन पारड्यांचा. वापरकर्ता: परलोक. तपासणीचे ठिकाण: सत्याचे दालन. प्रमाणित वजन: पीस, एक, अंदाजे तीन ग्रॅम. तोलला जाणारा पदार्थ: मानवी हृदय, अंदाजे तीनशे ग्रॅम, सबब या तुलनेत कोणताही मृत मनुष्य तत्त्वतःच उत्तीर्ण होऊ शकत नाही. भार नसताना कल: लक्षणीय. निष्कर्ष: वापरास अयोग्य. खाली सही केली, आणि हात आपोआप पुढे जाऊन प्रयोगशाळेचा शिक्काही मारून मोकळा झाला.

कंपनीला तो अहवाल इतका आवडला, की तिने तो आपल्या पानावर सगळ्या जगाला दिसेल असा लावला. वर लिहिले: देवांचा काटा खोटा, तज्ज्ञांचा निर्वाळा.

आमचे प्रमुख मितभाषी आहेत. त्यांनी मला बोलावले, बसायला सांगितले नाही, आणि तीन पत्रे माझ्यापुढे ठेवली. पहिल्यात एका अभ्यासमंडळाने, हजारो वर्षे विश्वासाने वापरात असलेल्या एका प्राचीन देवतेच्या उपकरणाची तिच्या अनुपस्थितीत तपासणी केल्याबद्दल खुलासा मागितला होता. दुसऱ्यात एका उत्साही गृहस्थांनी विचारले होते, की पापपुण्य मोजणाऱ्या इतर धर्मांतल्या व्यवस्थांचीही अशीच तपासणी करून मिळेल काय, आणि तुलनात्मक तक्ता कधी प्रसिद्ध होईल. तिसरे वरिष्ठ कार्यालयाचे होते. त्यात एकच ओळ होती: परलोक कोणाच्या कार्यकक्षेत येतो ते कळवावे.

“येतो का आपल्या?” प्रमुखांनी विचारले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खोलवर कुठेतरी भीती होती. निवृत्तीला थोडाच काळ राहिलेल्या माणसाला देवांपेक्षा वरिष्ठ कार्यालयाची जास्त वाटते तशी. मी म्हणालो, की आमचे नियम व्यापारी व्यवहारांत वापरल्या जाणाऱ्या काट्यांना लागू आहेत. हृदयाच्या बदल्यात स्वर्ग, हा व्यवहार मानायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे. प्रमुखांनी डोळे मिटले. मी दार लोटून बाहेर आलो, जिन्याला वळसा घालून लिफ्टने खाली गेलो, आणि तिथल्या बाकावर छातीत आवळलेले सुटेपर्यंत बसून राहिलो. हे मी कुणाला सांगितले नाही. प्रलंबित बाब होती.

त्या सुमारास एक गोष्ट मला कबूल करायला हवी. कबुली नव्हे, निरीक्षण म्हणू. मी रोज कामावर जाण्यापूर्वी एकदा वजन करून पाहू लागलो होतो. आज काटा सरळ आला तर रुग्णालयाला फोन करायचा, असे ठरवूनच. तो सरळ येत नसे. मी फोन करत नसे. यात अंधश्रद्धा बिलकुल नव्हती. अंधश्रद्धाळू माणूस शकुन पाहतो. मी नोंदी घेत होतो. फक्त त्या नोंदी घेताना मी श्वास का रोखून धरत असे, याचे स्पष्टीकरण मजजवळ नाही.

आता वरच्या मजल्यावरच्या मावशींविषयी. मावशी सगळ्या देवांच्या बाजूने आहेत. कोणत्याही दैवताशी वैर नको, हे त्यांचे धोरण. माझ्या तक्रारीची कुणकुण लागताच त्या जिना उतरून आल्या, धापा टाकत सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, की परक्या देवाच्या दारात जाऊन काटा तपासायचा म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या घरात पीठ चाळून बघायचं झालं. आपला चित्रगुप्त काय वाईट होता? तो निदान ओळखीचा. मी त्यांना शून्यदोष समजावून दिला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “हे बघ बाबा, रिकामं पारडं असं आपोआप झुकत नाही. तुला दिसत नाही असं त्यात काहीतरी असेल.” मी मनातल्या मनात हसलो. मग त्या स्वतःच्या धापेविषयी बोलू लागल्या, आणि मी सभ्यपणे ऐकेनासा झालो. ऐकले असते तर पुढचा प्रसंग टळला असता.

कारण काही दिवसांनी मावशी पुन्हा आल्या, त्या मनगटाला पट्टी बांधून. घरात आम्ही तिघे होतो. कज्जेकाका दारात होते, म्हणजे जवळजवळ चौघे. मावशींनी पट्टी सगळ्यांना दाखवली आणि हिला सांगू लागल्या, की त्यांचीही अँजिओग्राफी झाली; त्याच रुग्णालयात, त्याच डॉक्टरांकडे. आत नेले तेव्हा त्या इतक्या घाबरल्या, की डॉक्टरांचा हात धरून ठेवला. डॉक्टर म्हणाले, मावशी, हात सोडला तर सुरू करता येईल. मग त्यांनी मोठमोठ्याने, माहीत असलेल्या सगळ्या देवांची नावे घेतली, मध्येच इजिप्तच्या कुठल्याशा देवाचेही घेतले, तुमच्याकडे ऐकलेले. आणि संपलेसुद्धा.

“पण यंत्र बंद होतं ना?” ही म्हणाली. माझ्याकडे न बघता.

“बंद? छे गं. मी गेले तर पाच जण रांगेत. रोज चालू असतं म्हणे, एक दिवस खाडा नाही.”

खोली फार लहान झाली. कज्जेकाकांना एकाएकी घरी काहीतरी आठवले. न्यायालयात इतकी वर्षे काढलेला माणूस साक्ष फिरलेली बरोबर ओळखतो. मावशी मात्र आपल्या पट्टीची गाठ तपासत राहिल्या.

सगळे गेले. मी खुलाशाला सुरुवात केली. अंशांकन हा शब्द दोनदा वापरला. हिने टॅबलेट माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, “चालवा. मला बघायचंय, रोज सकाळी दार लावून काय चालतं ते.”

मी मेलो. दालनाच्या दारात आलो. द्वारपालाने घोगऱ्या आवाजात विचारले, “तुला कशाची भीती वाटते?” माझे बोट सवयीने शेवटच्या उत्तराकडे गेले.

“थांबा,” ही म्हणाली. “हे तुम्ही रोज दाबता?”

“तो प्राथमिक प्रश्न आहे. मोजणी आत होते.”

“आणि काटा कधीपासून कललेला असतो?”

“आत गेल्यापासून. वर काही नसतानाच. तेच तर मी—”

मी थांबलो. माझ्या व्यवसायात ज्याला मूर्खपणा म्हणतात त्याची व्याख्या सोपी आहे: भार कुठे चढला हे न पाहता काट्याला दोष देणे. पारडे रिकामे नव्हते. त्यात काय ठेवायचे ते मी दारातच, दर वेळी, स्वतःच्या बोटाने ठरवत होतो. धाकटी कोपऱ्यातून हळूच म्हणाली, “बाबा, मी पहिल्या दिवशीच सांगणार होते. पण तू म्हणालास, सूचना वाचल्यात.”

हिचा आवाज चढला नाही. शाळेत शेवटच्या बाकावरच्या मुलाजवळ जाऊन बसताना हिचा असतो तसाच होता. “अहो, तुमचा काटा बरोबर आहे. इतके दिवस एक साधं उत्तर खोटं देताय, त्याला, मला आणि डॉक्टरांनाही. छातीत दुखतं अजून?”

मी लिफ्टजवळचा बाक सांगितला. जिन्याला वळसे घालतो तेही सांगितले. हजारातला तो एक सांगितला. हिने उठून रुग्णालयाला फोन केला. माझ्या अपरिहार्य कामाचे कारण तिथे नोंदलेले होते, त्या बाईंनी ते वाचून दाखवले असावे, कारण ही फोनमध्ये म्हणाली, “हो, ते काम झालं आता. देवांचं होतं.”

रुग्णालयात सकाळी मला एक पाठीमागे बांधायचा अंगरखा दिला, ज्याची रचना ज्याने केली त्याचे हृदय कुणीतरी जरूर तोलावे. परिचारिकेने वजन करण्यासाठी काट्यावर उभे केले. मी पाय ठेवण्यापूर्वी काट्याकडे पाहिले. सुई शून्यावर नव्हती. स्पष्ट पुढे होती. मी काही बोललो नाही. माझ्या मनःस्थितीची कल्पना वाचकांना यावरून यावी.

तिने वजन लिहिले, नाडी मोजली, पुन्हा मोजली आणि माझ्याकडे पाहिले. “घाबरलात का काका?”

माझ्या तोंडात ‘कशाचीच नाही’ हे शब्द तयार होते. इतक्या वेळा दाबले होते. “हो,” मी म्हणालो.

“कशाला?”

“सगळ्यालाच. नळीला, तुमच्या त्या टेबलाला, बाहेर ती बसलीय तिला परत दिसलो नाही तर, त्याला.”

“मग बरं आहे,” ती म्हणाली आणि हातावर काहीतरी गार पुसू लागली. “नाही म्हणणारे आत गेल्यावर फार हलतात.”

भीती गेली, असे लिहून मी शास्त्राशी आणि आपणांशी प्रतारणा करणार नाही. ती टेबलापर्यंत बरोबर आली. वरचा मोठा दिवा लागला तेव्हा ती माझ्या शेजारी आडवी झाली. डॉक्टरांनी मनगटात सुई टोचली तेव्हा मी, ज्याचे परलोकाविषयीचे मत ठरलेले आहे तो मी, मनात नावे घेऊ लागलो: नावाडी, द्वारपाल, चित्रगुप्त; जी आठवली ती, कार्यकक्षेचा विचार न करता. डॉक्टरांनी पडद्यावरचे चित्र पुढेमागे करून पाहिले. मग म्हणाले, एक वाहिनी जवळजवळ बंद आहे, लगेच इथेच जाळी बसवतो. थोड्या वेळाने, काम हातावेगळे करता करता, हवापाण्याविषयी बोलावे तसे त्यांनी विचारले, “तारीख पुढे का ढकलली होतीत? अजून थोडं थांबला असतात तर आपली भेट झाली नसती.”

मी म्हणालो, “तपासणी चालू होती.”

बाहेर आणले तेव्हा दुपार झाली होती. खिडकीपाशी ही बसली होती आणि हिच्या मांडीवर टॅबलेट होता. धाकटीने माझ्या उशाशी बसून एका दमात बातम्या दिल्या. प्रमुखांचा फोन येऊन गेला. प्रकृतीची चौकशी केली आणि नवे परिपत्रक निघाल्याचे कळवले: यापुढे प्रयोगशाळेने केवळ इहलोकातील उपकरणांचीच तपासणी करावी. मावशींनी सगळ्या देवांना कळवले आहे. कज्जेकाका म्हणतात, खटला निकाली निघाला. “आणि आईला बाहेर बसून वेळ जाईना,” धाकटी म्हणाली, “म्हणून तिनं तुझा खेळ काढला. स्वतःचं पात्र केलं. दारात त्यानं विचारलं ना, भीती कशाची वाटते, तर हिनं त्या मोकळ्या चौकटीत इतकं लिहिलं, इतकं लिहिलं, की जागाच संपली.”

काय लिहिले, हे मी विचारले नाही. ही पदराने चष्मा पुसत होती.

मी म्हणालो, “बघू तरी.”

हिने टॅबलेट माझ्याकडे वळवला. सत्याचे दालन होते. एका पारड्यात हृदय होते, दुसऱ्यात पीस. तो प्राणी एका बाजूला पाय दुमडून बसला होता, कंटाळून. पलीकडचे मोठे दार सताड उघडे होते आणि आत उजेड होता. चष्मा लावलेली, केसांची गाठ बांधलेली एक बाई अलीकडच्या बाजूला, काट्याच्या शेजारी उभी होती. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. तिच्यामागे रांग लागली असेल, असे मला वाटून गेले.

“पास झालीस की,” मी म्हणालो. “पुढे का नाही गेलीस?”

“एकटीनं जाऊन काय करायचंय?” ही म्हणाली. “म्हटलं, आधी तुमचं आटपू दे.”

मी काट्याकडे पुन्हा पाहिले. तीनशे ग्रॅमचे हृदय आणि तीन ग्रॅमचे पीस, आणि सुई बरोबर शून्यावर. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही गोष्ट अशक्य आहे. पट्टी बांधलेला हात थोडा हलवून मी हिच्या हातावर ठेवला. या उपकरणाविषयी अहवाल लिहिण्याचा माझा विचार नाही.